बालमंदिरातून अंगणात

शिक्षणविषयक सरकारी कागदपत्रांतून अलीकडे एक जोडशब्द वारंवार वाचावयास मिळतो : सामाजिक-भावनिक शिक्षण. मुलाला आपला राग, आपले भय, आपला आनंद ओळखता यावा, शेजारी बसलेल्या मुलाचे मन कळावे आणि चारचौघांत मिळूनमिसळून वागता यावे, ही शाळेचीच जबाबदारी आहे, असा त्याचा थोडक्यात आशय. हा शब्दप्रयोग अमेरिकेत १९९० नंतरच्या दशकात रूढ झाला. आपल्याकडे २०१८ च्या जुलैत दिल्ली सरकारच्या शाळांतून ह्या धर्तीचा एक रोजचा तास सुरू झाला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही मुलाचा सामाजिक व भावनिक विकास हे शिक्षणाचे एक अंग मानले. त्याच्यामागे आता 'समन्यायी' हे विशेषणही लावण्यात येते. म्हणजे हे शिक्षण सर्व मुलांच्या वाट्याला सारखे आले पाहिजे.

परिपत्रकात एखादा शब्द आला की त्या परिपत्रकाच्या तारखेलाच त्याचा जन्म झाला, अशी आम्हा कचेरीतल्या माणसांची समजूत होऊन बसते. वस्तुतः हा विचार आपल्या देशात शंभर वर्षे जुना आहे, आणि त्यातला 'समन्यायी' हा कठीण भाग ज्यांनी प्रत्यक्ष करून पाहिला त्यांत दोन मराठी स्त्रिया अग्रभागी होत्या. त्यांपैकी एकीचे शिक्षण-जीवन महाराष्ट्राबाहेर, काठेवाडात घडले. ह्या मासिकाच्या वाचकांना ती हकीकत आपली वाटावी.

प्रारंभ मात्र रोमपासून करावा लागतो. त्या शहराच्या सान लोरेन्झो नावाच्या दरिद्री वस्तीत एका कंपनीने जुन्या चाळी दुरुस्त करून भाड्याने दिल्या होत्या. आईबाप दिवसभर कामावर जात आणि मागे राहिलेली लहान मुले जिन्यांची व भिंतींची नासधूस करीत. भिंती सुरक्षित राहाव्यात म्हणून ह्या मुलांना एका खोलीत सांभाळण्याची व्यवस्था मालकांनी केली आणि तिची देखरेख डॉक्टर मारिया माँटेसरी ह्यांच्यावर सोपविली. ही खोली ६ जानेवारी १९०७ रोजी उघडली. चुन्याचे पोपडे वाचविण्यासाठी निघालेल्या ह्या खोलीतून बालशिक्षणाची एक नवी पद्धती निघाली आणि पाचसात वर्षांत साऱ्या जगात तिचा बोलबाला झाला. पण पद्धती जसजशी प्रसिद्ध होत गेली तसतशी तिची साधने महाग होत गेली, आणि गरिबांच्या चाळीत जन्मलेली ही शाळा बघता बघता सधन घरांची शोभा बनली. ज्यांच्यासाठी वस्तू निर्माण व्हावी त्यांनाच ती परवडू नये, हा प्रकार आपल्याला नवा नाही.

भारतात ह्या विचाराला स्वतःची भाषा मिळाली ती भावनगरात. गिरिजाशंकर ऊर्फ गिजुभाई बधेका (१८८५ ते १९३९) हे व्यवसायाने वकील. तारुण्यात पोटासाठी पूर्व आफ्रिकेत जाऊन आलेले. मुलगा झाल्यावर त्याला कसे वाढवावे ह्याचा शोध घेता घेता माँटेसरीबाईंच्या पद्धतीची माहिती त्यांच्या हाती पडली, आणि पक्षकारांचे दावे सोडून त्यांनी मुलांचा दावा घेतला. नानाभाई भट्ट ह्यांनी १९१० मध्ये स्थापन केलेल्या दक्षिणामूर्ती विद्यार्थी भवनात ते १९१६ साली दाखल झाले आणि १९२० मध्ये त्यांनी तेथे बालमंदिर काढले. छडी नाही, धाक नाही, घोकंपट्टी नाही, पहिला-दुसरा नंबर नाही. मुले त्यांना 'मूछाळी मा', म्हणजे मिशीवाली आई, म्हणत. ह्या एका नावातच त्यांच्या कार्याचे पुष्कळसे वर्णन आले आहे.

गिजुभाईंचे 'दिवास्वप्न' हे पुस्तक १९३२ चे. एक हौशी शिक्षक सरकारी प्राथमिक शाळेतील चौथीचा वर्ग एक वर्ष प्रयोगासाठी मागून घेतो, अशी त्यातली कल्पित कथा आहे. ह्या शिक्षकाचा पहिलाच दिवस फसतो. त्याने पुस्तकात वाचलेला शांततेचा खेळ मांडलेला असतो. खिडक्यादारे लावून मुलांनी स्तब्ध बसावयाचे आणि बारीक आवाज ऐकावयाचे. मुले कसली स्तब्ध बसतात! ती ओरडतात, चिडवतात, पाय आपटतात, आणि शेवटी गुरुजींना सुट्टी देऊन मोकळे व्हावे लागते. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगावयास बसतो आणि तेव्हा कोठे वर्ग त्याच्याजवळ सरकतो. आज ज्यांना मुलांना डोळे मिटून शांत बसावयास लावणे म्हणजेच भावनिक शिक्षण असे वाटते, त्यांनी हे प्रकरण अवश्य वाचावे. मुलाचा विश्वास बसण्यापूर्वी मागितलेली शांतता त्याला शिक्षेसारखीच वाटते, हे गिजुभाईंनी नव्वद वर्षांपूर्वी ओळखले होते.

ह्या बालमंदिरात १९२३ साली ताराबाई मोडक आल्या. मुंबईच्या प्रार्थनासमाजातील सदाशिवराव केळकरांच्या घरी १८९२ मध्ये जन्म. १९१४ मध्ये बी. ए.; अमरावतीचे वकील मोडक ह्यांच्याशी विवाह; पुढे विभक्त संसार आणि पदरी एक लहान मुलगी. राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या त्या प्राचार्य होत्या. त्या काळी हिंदी स्त्रीला मिळालेली ती मोठी मानाची जागा. पगार, बंगला, नोकरचाकर सारे होते. ते सोडून त्या भावनगरला एका खाजगी संस्थेत, परक्या भाषेत, तीन-चार वर्षांच्या मुलांना शिकवावयास गेल्या. कायम नोकरीची किंमत ज्यांना ठाऊक आहे त्यांना ह्या निर्णयाचे वजन समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

गुजराती गिजुभाई आणि मराठी ताराबाई ह्यांनी सुमारे नऊ वर्षे एकत्र काम केले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, 'शिक्षणपत्रिका' निघाली, अध्यापकांचे वर्ग चालले. 'नूतन' हा शब्द त्यांनी मुद्दाम योजला असावा. माँटेसरीबाईंचे ऋण मान्य, पण त्यांच्या साधनांची आणि नियमांची बांधिलकी नाही. आपल्या गोष्टी, आपली गाणी, आपले खेळ ह्यांना त्यांनी बालमंदिरात मानाचे पान दिले. गमतीची गोष्ट अशी की, गिजुभाई १९३९ च्या जूनमध्ये निवर्तले आणि माँटेसरीबाई त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात भारतात आल्या.

तथापि येथपर्यंतच्या हकीकतीत एक उणीव आहे, आणि प्रस्तुत लेखाचा मुख्य विषय तीच आहे. गिजुभाईंचा लढा छडीविरुद्ध होता. छडीचे भय सर्व मुलांना सारखे असते. सावकाराचा मुलगा आणि शेतमजुराचा मुलगा दोघांच्याही हाताला ती सारखीच लागते. परंतु वर्गात दुसरेही एक भय असते आणि ते सारखे वाटलेले नसते. साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकर ह्या विद्यार्थ्यास बसावयास घरून गोणपाट न्यावे लागे, आणि शिपायाने नळ सोडल्याशिवाय त्याला तहान भागवता येत नसे. शिपाई नसेल तर पाणी नाही. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. ह्या मुलाला गुरुजींनी एकदाही छडी मारली नसती तरी त्याचे दुःख तिळमात्र कमी झाले नसते. धाक काढून टाकणे ही एक गोष्ट. लाज, संकोच आणि परकेपणा काढून टाकणे ही सर्वस्वी वेगळी गोष्ट. पहिली शिक्षकाच्या स्वभावाने साधते. दुसरीसाठी शाळेलाच आपली जागा, आपली वेळ आणि आपली भाषा बदलावी लागते.

परकेपणाचा हा प्रकार अगदी सौम्य स्वरूपात आपणही पाहतो. बदलीच्या गावी नव्या शाळेत आपले मूल पहिले दोन-तीन महिने मागच्या बाकावर मुके होऊन बसते. हिशेब येत असतो, उत्तर येत असते, पण मधल्या सुट्टीत बोलावयास भाषा नसते. त्याच्यामागे सुशिक्षित घर आणि बापाचा हुद्दा उभा असतो म्हणून ते त्यातून निभावते. ज्याच्यामागे ह्यांपैकी काहीच नाही त्याचे काय होत असेल, ते ह्यावरून ताडावे.

महात्मा गांधी २८ ऑक्टोबर १९३१ रोजी लंडनच्या माँटेसरी प्रशिक्षण महाविद्यालयात बोलले होते. तेथील मुलांचे कौतुक करून, हे शिक्षण केवळ श्रीमंतांच्याच नव्हे तर कंगालांच्याही मुलांना मिळावे, अशी आशा त्यांनी बाईंसमोर बोलून दाखविली. पुढे १९३७ मध्ये वर्ध्याला बुनियादी शिक्षणाची योजना निघाली ती सात ते चौदा वर्षांच्या मुलांची. सातच्या आतली मुले तीत नव्हती. १९४५ च्या सेवाग्रामच्या संमेलनात ही मर्यादा ओलांडून पूर्वबुनियादी शिक्षणाचा विचार सुरू झाला. त्या सुमारास ताराबाई मुंबईत होत्या. दादरचे शिशुविहार १९३६ पासून उत्तम चालले होते, अध्यापिका तयार होत होत्या, नाव झाले होते. पण मुले पांढरपेशा घरांचीच. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी ताराबाईंनी दुसऱ्यांदा सुखाची जागा सोडली. २४ डिसेंबर १९४५ रोजी ठाणे जिल्ह्याच्या समुद्रकाठी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले.

त्यांच्या साहाय्याला आल्या अनुताई वाघ. पुणे जिल्ह्यातील मोरगावी १९१० मध्ये जन्म, तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य. शिक्षिका होऊन त्यांनी आपला मार्ग स्वतः काढला होता. बोरिवलीच्या एका शिबिरात ताराबाईंची गाठ पडली आणि पुण्यातली नोकरी सोडून त्या बोर्डीस आल्या. पुढली सत्तेचाळीस वर्षे त्या परिसरातच गेली.

बोर्डी म्हणजे चिकूच्या वाड्या, नारळ आणि समुद्र. मुंबईचे प्रवासी तेथे हवापालटासाठी जात. पण गावाच्या मागच्या अंगाला जाती-जातींचे वेगवेगळे पाडे होते आणि त्यांतली मुले बालवाडीच्या सुबक जागेत येत ना. कोणी बोलावले तरी लाजून पळत. नागडी, उघडी, केसांत जटा, अंगावर खरूज. अशा स्थितीत नीटनेटक्या मुलांच्या ओळीत जाऊन बसण्याचे धैर्य कोणाला होईल? एखाद्या अधिकाऱ्याने ह्यावर 'पालकांची उदासीनता' असा शेरा मारून प्रकरण मिटविले असते. ताराबाईंनी निष्कर्ष काढला तो असा की, मुले बालवाडीत येत नसतील तर बालवाडीने मुलांकडे गेले पाहिजे. शिक्षिका पाड्यावर जाऊ लागल्या. एखाद्या झोपडीपुढचे अंगण झाडून सारवून घ्यावयाचे, मुलांना गोळा करावयाचे, न्हाऊ घालावयाचे, केस विंचरावयाचे, नखे काढावयाची. मग गाणी, मग गोष्टी. चिंचोके, शिंपले, गोटे, पाने, बिया ही साधने. रंग ओळखावयास फुले, आकार ओळखावयास दगड. हीच अंगणवाडी.

ह्यात आंघोळीला मी सर्वांत अधिक महत्त्व देतो. कोणी म्हणेल, ती स्वच्छतेची बाब झाली, भावनेचा येथे काय संबंध? परंतु ज्या मुलाला स्पर्श करणे गावात विटाळ मानले जाते, त्याला शिकलेली, वरच्या जातीची समजली जाणारी बाई आपल्या हाताने न्हाऊ घालते, तेव्हा त्या मुलाला स्वतःविषयी जे कळते ते कोणत्याही पाठातून कळावयाचे नाही. आणि अंगणात उभी राहून पाहणाऱ्या त्याच्या आईलाही ते कळते. शिवाय आपल्या अंगणात मूल भीत नाही. परकी तेथे बाईच असते. आजी, शेळी, चूल, सारे त्याच्या बाजूचे. संकोच कोणी करावयाचा, हे अंगणवाडीने उलटे करून टाकले.

ज्या वर्षी बोर्डीचे केंद्र निघाले त्याच वर्षी त्याच मुलखात वारल्यांचा उठाव चालू होता, हे विसरून चालणार नाही. १९४५ च्या मे महिन्यात उंबरगाव तालुक्यात झरी येथे किसान सभेच्या परिषदेत वारल्यांनी वेठबिगार न करण्याचा निश्चय केला आणि ऑक्टोबरात तलवाड्याला त्यांच्यावर गोळीबार झाला. गोदावरी परुळेकर ह्यांनी ही कथा 'जेव्हा माणूस जागा होतो' ह्या पुस्तकात सांगितली आहे. एकाच काळात, दहावीस मैलांच्या टापूत, एक सुशिक्षित मराठी स्त्री वारल्यांना जमीनदारापुढे मान वर करावयास सांगत होती आणि दुसऱ्या दोघी बालकांच्या मानेवरची भीती उतरवीत होत्या. दोन्ही कार्यांचे मार्ग भिन्न, आणि माझ्या मते बालवाडीच्या मार्गाची मर्यादाही येथे स्पष्ट होते. कर्ज, जमीन, मजुरी ह्यांना तिने हात घातला नाही. घरात दाणा नसलेल्या मुलाला गाणे किती दिवस पुरणार? पण उलट बाजूने असेही विचारता येईल की, वेठ मोडली तरी वेठीची सवय मुलाच्या मनातून कोणी काढावयाची?

१९५६-५७ च्या सुमारास केंद्र बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर हलले, भोवती सगळी वारल्यांची वस्ती. येथे प्रश्न आणखी अवघड झाला. मुले लाजत तर होतीच, पण त्यांना शाळेत येण्यास सवडच नव्हती. सहा-सात वर्षांची मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन असे. मुलगा गुरे घेऊन रानात जाई. शिक्षणखात्याच्या भाषेत ही 'गळती'. कोसबाडने ह्यावर दोन उत्तरे काढली. पहिले विकासवाडीचे. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. मुलीने भावंडाला बरोबर घेऊन यावे, त्याला पाळण्यात ठेवावे आणि शेजारच्या वर्गात जाऊन बसावे. ते रडले तर तिला ऐकू येते. आपले भावंड सुखरूप आहे ही खात्री असल्यावाचून त्या मुलीचे चित्त पाटीवर ठरणे शक्य नव्हते. तिच्या जबाबदारीची हेटाळणी न करता शाळेने तिला जागा दिली.

दुसरे उत्तर कुरणशाळेचे. गुरे जेथे चरतात तेथेच शिक्षकाने जावयाचे. मुले गुरांवर लक्ष ठेवून झाडाच्या सावलीत जमतात, गुरे पांगली की एखादा उठून ती वळवून आणतो आणि पुन्हा येऊन बसतो. रानातली झाडे, पाखरे, दगड हेच वाचनपाठ. वारली मुलाला रानाची जी माहिती असते तिच्यापुढे शहरातून आलेला शिक्षकच विद्यार्थी ठरतो. वर्गात 'मठ्ठ' म्हणून मागे बसलेला मुलगा कुरणात जाणता ठरतो, आणि एकदा जाणता ठरला की त्याला अक्षराची तितकीशी भीती वाटत नाही. जी मुले दिवसा मोलमजुरीला जात त्यांच्यासाठी रात्रीचे वर्ग असत.

भाषेचा प्रश्नही होताच. वारल्याची बोली आणि क्रमिक पुस्तकातील मराठी ह्यांत पुष्कळ अंतर. आपण मराठी भाषिक परप्रांतात आपल्या मुलांच्या मातृभाषेसाठी तळमळतो, मंडळे काढतो, अर्ज करतो. परंतु खुद्द महाराष्ट्रात, मराठी शाळेतच, काही मुलांना मराठी ही परकी भाषा म्हणून भेटते ह्याचा आपणास सहसा विचार नसतो.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले. १९७३ च्या ऑगस्टअखेर त्या गेल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ गटांत सुरू झाली आणि तिने आपल्या केंद्रांना नाव घेतले ते अंगणवाडीचे. बोर्डीच्या पाड्यांवरचा हा मराठी शब्द आज आसामात आहे, ओरिसात आहे, तामिळनाडूत आहे. दौऱ्यावर असताना कोठल्याही आडगावी पाटीवर तो दिसतो, आणि परभाषेच्या लिपीत असला तरी चटकन ओळखू येतो. शब्दाचे असे भाग्य क्वचित उजळते. मात्र योजनेचे लक्ष मुख्यतः पोषणावर, लसीकरणावर आणि मुलांच्या वजनावर राहिले. उपाशी मुलासाठी ते सर्वांत आधी हवे, ह्याविषयी वाद नाही. पण गाणे, गोष्ट, खेळ आणि विंचरलेले केस ही अंगणवाडीची मूळची कामे, आणि ती वाटपाच्या व नोंदवह्यांच्या मागे पडली, असे जे जाणकार सांगतात त्यात तथ्य आहे. सेविकेकडे इतकी कामे सोपविली गेली की गोष्ट सांगावयास तिला उसंतच मिळू नये.

शाळांच्या बाबतीत २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सतराव्या कलमान्वये शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही बंदी केली आणि बाराव्या कलमाने खाजगी शाळांत पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांतील मुलांसाठी राखल्या. गिजुभाईंना हवे होते ते सतराव्या कलमात आले. बाराव्या कलमाने मुलाला बाक मिळाला. त्या बाकावर बसल्यावर शेजारचा मुलगा डब्यातला घास पुढे करतो की नाही, सहलीच्या पैशांचा विषय निघाला की त्याची मान खाली जाते की नाही, हे कायद्याच्या कक्षेबाहेरचे. तेथे बोर्डी-कोसबाडचा अनुभव उपयोगी पडावा. पण धोरणाच्या चर्चेत परदेशी ग्रंथांची नावे जितकी ऐकू येतात तितकी ह्या दोन गावांची येत नाहीत.

अनुताई मात्र कोसबाडवर थांबल्या नाहीत. टेकडी चढून येणेही ज्यांना दूर पडे अशी मुले आणखी आत, जंगलपट्टीत होतीच. १९८२ साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, रमेश पानसे ह्यांना बरोबर घेऊन त्यांनी ग्राममंगल ही नवी संस्था काढली आणि डहाणू तालुक्यातील ऐने, दाभोण ह्या बाजूला पुन्हा पहिल्यापासून कामाला आरंभ केला. १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्या वारल्या, तेव्हाही त्यांचा मुक्काम त्याच मुलखात होता.